बंद दारापुढची रांगोळी

भाऊबीजेचा दुसरा दिवस, सणसर. संध्याकाळ.

अजून हसू येतंय, आणि लाजही वाटतेय. दोन दिवस ताईकडे इंदापूरला जाताना मी पोलिसांच्या सगळ्या सूचना पाळल्या. मोठं कुलूप आणलं, दारावर कॅमेरा बसवला. फक्त ‘शेजाऱ्यांना सांगून जा’ ही तेवढी पाळली नाही. शेजारच्या अनसूयाकाकूंना सांगायचं म्हणजे गावभर होणार, असं वाटलं. असं का वाटलं मला? इतक्या वर्षांत त्यांनी आमचं काय बिघडवलंय?

आज सकाळी ताईकडे चहा घेताना मोबाइलवर बघतो, तर आमच्या दारात कुणीतरी डोक्यावर पदर घेऊन वाकून बसलेलं. मी ओरडलोच, “चोर!”

बायकोनं फोन हिसकावून घेतला. “अहो, चोर कधी रांगोळी काढतो का?”

दुपारी घरी आलो तर दारापुढं ठसठशीत ठिपक्यांची रांगोळी. काकूंना विचारलं.

“दिवाळीत दारात रांगोळी न्हाय म्हंजी घरात कोण न्हाय, हे चोराला लांबनं कळतं. काल सकाळी तुमचं दार भकास दिसलं, मग काढली. आजबी काढली.”

एवढे गुडघे दुखत असताना!

मी म्हटलं, “काकू, पुढच्या वेळी सांगून जाईन.”

“सांग की. आन् किल्लीबी ठिवून जा. माझी रांगोळी संपली, तुमचीच वापरीन.”

दुसरी किल्ली आत्ताच देऊन आलो. रांगोळीचा डबाही.