उशिरा येणारा कंप

सोमवार, ३ मार्च

मालक आज सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या बोटांत जीव आहे!" हिच्या म्हणजे माझ्या भावजयीच्या. चौदा वर्षं त्या स्टुडिओत सिंथसमोर, म्हणजे आवाज बनवायच्या कीबोर्डसमोर, मी बसतेय. दीड वर्षापूर्वी तिला बोट धरून मीच तिथे नेलं. कुठलं बटण काय करतं, मीच शिकवलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली!

सध्या ज्या चित्रपटाचं काम चालू आहे, त्यातली म्हातारी एकटीच घरात वावरते. तिच्यामागे वाजायला एक आवाज हवाय — माणसाचा नको, पण माणसासारखा. दोघींनी एकेक बनवायचा. जिचा निवडतील तिचं नाव पडद्यावर. माझं नाव आजवर एकदाही आलेलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

माझा ऐकवला. दिग्दर्शिका म्हणाली, "स्वच्छ आहे." बस्स. घासलेल्या पातेल्यालाही स्वच्छच म्हणतात!

भावजयीचा लागला तशी दिग्दर्शिका खुर्चीत पुढे सरकून बसली.

गुरुवार, ६ मार्च

सहज विचारतेय असं दाखवून भावजयीला विचारलं, कसा बनवलास म्हणून. काही म्हणजे काही लपवत नाही, हेच तर डोक्यात जातं!

"ताई, पट्टी जोरात दाबली की आवाज नुसता मोठा नको, मोकळा व्हायला हवा. हे तुम्हीच शिकवलंत. बाकी काय — कंप लगेच द्यायचा नाही. सूर आधी टेकू द्यायचा, मग कंप. आणि सूर किंचित खालून पकडायचा."

किंचित खालून म्हणजे बेसूरच की! असं गाणाऱ्या बाईला गाण्याच्या वर्गात कोणी उभं करणार नाही.

घरी भाऊ म्हणाला, "ताई, हल्ली कपडे वाळत घालताना गुणगुणत नाहीस. बरं नाही का?" घसा खवखवतोय म्हटलं.

शनिवार, ८ मार्च

तिने सांगितलेलं सगळं माझ्या आवाजात घालून पाहिलं. कंप उशिरा, सूर खालून. ऐकवत नाही! झोपेतून उठवल्यासारखा वाजतो. नक्कल केली ती केली, तीही धड जमली नाही.

लिहूनच टाकते. मला तिचा हेवा वाटतो. ती जेवताना हसली तरी वाटतो.

रविवार, ९ मार्च

स्टुडिओला सुट्टी. किल्ली माझ्याकडेच असते.

तिचा आवाज उघडला. नुसता बघायला. प्रत्येक सुराला कंपाचा उशीर वेगळा दिलाय. बोटाचा दाब वाढला की कंप वाढतो, आणि सूर संपता संपता थोडी हवा सुटते. इतकं बारीक काम! माझ्याच्याने झालं नसतं.

मग एकेक बटण फिरवत गेले. कंप पहिल्यापासून. सूर अगदी मधोमध. हवा बंद. आणि सेव्ह.

दुसऱ्याच्या आवाजाला हात लावला तर तो नवं नाव देऊनच ठेवायचा, हा आमचा नियम. तिला पहिल्या दिवशी मीच सांगितलेला. मी तिच्याच नावावर ठेवला. सवयीने हात गेला.

सवयीने? वहीशी तरी खोटं बोलू नये.

सोमवार, १० मार्च

दिग्दर्शिकेने पुन्हा ऐकला. "त्या दिवशी जिवंत होता. आज काय झालं याला?"

भावजय सिंथवरच्या आकड्यांकडे बघत राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्याच हातून बिघडला असेल. दोन दिवस द्या."

तोवर माझा आवाज पुढे. मालकांनी शाबासकी दिली.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी ती कपड्यांच्या दोरीपाशी आली. हातात माइक!

"ताई, तो परत बनवायचाय. तुमच्याशिवाय व्हायचा नाही. तुम्ही इथे गुणगुणायचात ना, ते मी फोनवर घेतलं होतं. त्यावरूनच एकेक सूर जुळवला. आता फोनवरचंही पुसलं गेलंय. एकदाच गुणगुणा, नेहमीसारखं — खालून पकडता तसं."

भावाचा ओला शर्ट हातात तसाच. तोंड उघडलं. आवाज फुटेना.