टोकदार काडतुसं

ॲलागॅश, नोव्हेंबर

ऑरिन,

या वेळी 'दादा' लिहायला हात वळत नाही.

आईला सांग, मी खुशाल आहे. शिकारीच्या तळावर ऊब आहे, जेवण पोटभर मिळतं. तिचा खोकला कसा आहे?

आता तुझ्याबद्दल. हरणासाठी म्हणून तू दिलेली टोकदार काडतुसं मी काल बाबांच्या रायफलीत भरायला घेतली. तळ सांभाळणाऱ्या थेल्मामावशीने माझा हातच धरला.

"कुणी दिली गं ही? या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडावर आपटलं, तर ते तिथेच उडेल आणि नळी तुझ्या हातात फुटेल!"

"भावाने दिली," मी म्हटलं.

"मग त्याच्याशी भांडण आहे का तुझं?"

मी तुझी काडतुसं बाजूला ठेवून तिची बोथट टोकाची घेतली. आज सकाळी तिच्या बोथट गोळीने हरण पाडलं, एकाच बारात.

इतकी वर्षं ती रायफल तूच वापरलीस आणि बोथट गोळ्याच भरल्यास, मी पाहिलंय. बाबांनी ती माझ्या नावावर केली, आणि तुला टोकदार बऱ्या वाटायला लागल्या?

मांस आईसाठी पाठवते आहे. तिला नीट शिजवून घाल. आणि मला एका ओळीत कळव: तू विसरला होतास, की नव्हतास?

व्हर्ना