भागीरथाची माशांची टाकी, तिचा मोबाइल आणि माझ्यामागची सोय

मी ईश्वरदास रुपराव धकाते, वय ७१ वर्षे, वीज मंडळाचा निवृत्त लाइनमन, राहणार गोळीबार चौक, नागपूर, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. भीती आहे, पण ती मरणाची नाही. मला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दिवाळीच्या पुढचे बोलायचे टाळले. माझ्यामागे पत्नी भागीरथा उरेल. तिला विस्मरणाचा आजार आहे. भीती तिच्यासाठी आहे.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

२. माझी पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे आणि शिडी शेजारी बळीराम यांना द्यावी. थोरला भाऊ चंद्रभान याला काही देऊ नये. वडिलांचा हातमाग त्याने मला न विचारता मोडला आणि त्या लाकडाची बाज केली. त्याच बाजेवर बसवून मला दोनदा चहा पाजला. हा राग मी सोबत नेतो.

३. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगी ऋतुजा हिला मिळावे. अट अशी की तिने पुणे सोडून आईजवळ या घरात राहावे आणि आई आहे तोवर माशांची टाकी चालू ठेवावी. अट मोडल्यास घर मुलगा पंकज याला जावे. बँकेतली ठेव भागीरथाच्या औषधपाण्यासाठीच वापरावी.

४. टाकीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. भागीरथा एकोणतीस वर्षे एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. निवृत्त झाली त्या आठवड्यात तिने तीन फुटी काचेची टाकी आणि सहा एंजल मासे आणले. ऋतुजाने तिच्या मोबाइलमध्ये टाकीच्या देखभालीचे ॲप टाकून दिले. पाण्याचे तापमान, अमोनिया, किती पाणी बदलले, फिल्टर केव्हा धुतला, खाणे केव्हा दिले, सगळे ती त्यात भरायची. मे महिन्यात पाणी तापले की बर्फ झालेली बाटली टाकीत सोडायची आणि तिचीही वेळ लिहायची. मी हसलो तर म्हणायची, "लिवून नाही ठेवलं तं मासोळीले काय झालं ते समजन कसं?"

तिचा आजार मला त्या मोबाइलनेच दाखवला. एका दिवसात पाणी चार वेळा बदलल्याची नोंद होती. मला वाटले, बोट चुकून लागले असेल. पुढे एका दुपारी दोन तासांत "खाणे दिले" अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी सहाही मासे पाण्यावर आले. ती खूप रडली. पुढच्या सकाळी रिकाम्या टाकीसमोर उभी राहून तिने मला विचारले, "मासोळ्या कुठी गेल्या?" मी सांगितले. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखीच रडली. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी मी सीताबर्डीत ओमप्रकाश साहू यांच्या दुकानात जाऊन तसेच दिसणारे सहा मासे आणले. त्यानंतर तीनदा असे करावे लागले. टाकीतले मासे तिचे नाहीत, हे मुलांना आज या कागदातून कळत आहे. तिला सांगू नये.

५. तिचा मोबाइल. खाण्याचा डबा मी कुलपात ठेवतो. सकाळी खाणे दिले की तिच्यासमोर ॲपमध्ये खूण करतो. दिवसभर ती विचारते, मासे उपाशी आहेत का. मी मोबाइल दाखवतो. नोंद वाचून ती शांत होते. माझ्या बोलण्यावर होत नाही, कारण आठ महिन्यांपासून ती मला ओळखत नाही. पहिल्या दिवशी तिने विचारले, "तुमी कोन आहात जी?" मी म्हणालो, "मी मासोळ्यांचं पाणी पाहाले येतो." ती म्हणाली, "मंग बसा." तेव्हापासून मी माझ्या घरात पाणी पाहणारा म्हणून राहतो.

मोबाइल जुना आहे, काच तडकलेली आहे. बदलू नये. नवा आणून पाहिला तर तिने हातात धरला नाही. जुन्या नोंदी पुसू नयेत. १२ मार्चच्या नोंदीखाली तिने स्वतः लिहिले आहे: "पाणी पाहणारे गृहस्थ दमलेले दिसतात. त्यांना जेवायला वाढले." त्या दिवशी तिने खरेच वाढले होते. वरणात मीठ नव्हते. मी दोनदा मागून घेतले.

६. पंकज हैदराबादला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, आईले आता काही समजत नाही. टाकी काढून टाका. आईसाठी चांगली संस्था पाहू." मी म्हणालो, "तिले समजत नाही हे तुले कसं समजलं?" आणि फोन ठेवला. चार महिने बोललो नाही. पंकज, ते माझे चुकले. तू सांगितलेली संस्था मी नंतर एकटा जाऊन पाहिली. स्वच्छ आहे, माणसे चांगली आहेत. टाकी ठेवू देत नाहीत. मी गेटबाहेर बाकावर तासभर बसलो आणि परत आलो.

७. सांभाळायला तीन बाया ठेवून पाहिल्या. एकही महिनाभर टिकली नाही. आता मला भरलेली बादली उचलत नाही, मग्गा मग्गा पाणी टाकतो. मुलांनो, मी हात जोडतो. मी गेल्यावर ती विचारेल, पाणी पाहणारे आले नाही काय. मी मेलो असे सांगू नका. ती रडेल, विसरेल आणि सकाळी पुन्हा विचारेल. सुट्टीवर गेले म्हणा.

सहीपूर्वीची दुरुस्ती. आज ऋतुजा पुण्याहून आली. मी तिला हा कागद वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "बाबा, ती अट काढा. घरासाठी थांबली असं मले वाटत राहीन."

मी विचारले, "अट नसली तं थांबशील काय?"

"एक वर्ष तं थांबते. ऑफिसात बोलून आली आहे. पुढचं खोटं काहून सांगू?"

म्हणून कलम ३ मधली अट मी साक्षीदारांसमोर खोडली आहे आणि तिथे सही केली आहे. घर ऋतुजाचे, बिनशर्त. वर्षभरानंतरचे काही मी कुणाच्या हाती सोपवू शकलो नाही. तेवढी जागा या कागदात कोरी आहे.

सही: ईश्वरदास रुपराव धकाते

आमच्यादेखत ईश्वरदास यांनी अट खोडून सही केली. लिहिलेले त्यांना पूर्ण समजत होते. आम्हीही त्यांच्यासमोर सही करत आहोत.

साक्षीदार १: डॉ. वैदेही चिटणीस, रामदासपेठ
साक्षीदार २: ओमप्रकाश साहू, सीताबर्डी

स्थळ: नागपूर
दिनांक: २९ मे २०२५