वहीत नसलेला डाव

९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

ताई,

नमस्कार. मोठ्या बहिणीला पत्र लिहिताना आधी नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. त्यात फार काही शोधत बसू नकोस. मी बरी आहे. तूही बरीच असशील, तुला काय धाड भरलीय.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ‘शाबास, परत उभी राहिलीस, मला माहीतच होतं,’ असं लिहितेस. माहीत होतं? तीन वर्षांपूर्वी क्लबात, चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर तूच म्हणाली होतीस ना, “पत्ते ही खेळतच नाही, हिचा राग खेळतो.” लोक खोखो हसले. त्यानंतर सहा महिने मी खरंच रागाने खेळले आणि होतं नव्हतं ते घालवून बसले. ते तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. म्हणावंसं मात्र रोज वाटतं.

परत कशी उभी राहिले ते तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेतली आहे. खाली दिवसभर मशीन खडखडतं, त्याची सवय झाली. सहाला उठते, तासभर चालून येते, मग एकपर्यंत दंतवैद्याकडे बसून पेशंटांची नावं पुकारते. तीन ते सात पोकर, तोही सगळ्यात छोट्या टेबलावर, जिथे तू चप्पलसुद्धा ठेवणार नाहीस. खिशात स्वयंपाकघरातला टायमर असतो. तो वाजला की चालू डाव संपवून उठायचं, मग पत्ते कितीही चांगले येत असोत. आणि राग आला की टायमरची वाट न बघता उठायचं. चौदा महिन्यांत मी एकोणीस वेळा अशी उठून गेले. टेबलावरच्यांना वाटतं मला मूत्रपिंडाचं काहीतरी आहे. वाटू दे.

शिवाय वही. इथे एक मास्तर आहेत, शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त. स्वतः कधी पत्त्याला हात लावत नाहीत, पण आकडेमोड अशी की तूही गप्प बसशील. ज्या डावात मी अडखळले तो प्रत्येक डाव मी त्याच संध्याकाळी वहीत लिहिते: हातात काय होतं, समोरच्याने काय केलं, मी काय केलं आणि का. जिंकले की हरले ते लिहायचं नाही. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, “निकाल मला दाखवू नकोस. निकाल बघितला की माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागतो. कारण दाखव.” दर गुरुवारी ते लाल पेन घेऊन बसतात आणि माझी सालटी काढतात. अशा चार वह्या भरल्या.

त्या जोरावर मी गेल्या महिनाअखेरच्या स्पर्धेत बसले. जिंकणाऱ्याला वर्षाअखेरच्या मोठ्या स्पर्धेत थेट जागा. मला ती जागा किती हवी होती हे तुला सांगायला नको. चाळीस जण होते. दुपारी चारपर्यंत दोनच उरले, आणि समोर कोण, तर तू. चष्मा कपाळावर, तोंडात बडीशेप. तीन वर्षांत एक शब्द नाही, आणि टेबलापलीकडून म्हणतेस काय, “बारीक झालीस गं.”

निर्णायक डाव तुला आठवतोच. टेबलावर एक राजा उघडा. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. तू बराच वेळ बघत राहिलीस, मग पत्ते पालथे टाकून डाव सोडून दिलास. त्यानंतर दोनच डावांत मी जिंकले. टाळ्या झाल्या. जिन्यात तू मला गाठलंस आणि कानाशी येऊन म्हणालीस, “तीन राजे होते माझ्याकडे. आता तरी खूश?”

ताई, मी तेव्हापासून जळते आहे. चौदा महिने मी पहाटे पाय तुटेपर्यंत चालले, मास्तरांचं ऐकून घेतलं, आणि तू ते सगळं एका क्षणात भीक म्हणून माझ्या पदरात टाकलंस. तुला कुणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? मला हरवायचं होतंस! निदान तेवढा मान द्यायचा होतास.

असं पत्र मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा इथेच थांबवून फाडलं.

परवाच्या गुरुवारी मास्तरांनी वही चाळली आणि विचारलं, “स्पर्धेचे अकरा डाव आहेत. सगळ्या चिप्स लावल्यास तो कुठाय?”

मी म्हटलं, “राहिला असेल.”

“चौदा महिन्यांत तुझा एकही डाव राहिलेला नाही. लिही आत्ता.”

त्यांच्यासमोर लिहायला बसले. हातात काय होतं: काही नाही. का ढकललं: ‘बारीक झालीस’ म्हणाली म्हणून. म्हणजे राग. विसाव्यांदा उठायला हवं होतं, उठले नाही. इथपर्यंत लिहिलं. मग समोरच्याने काय केलं: विचार करत राहिली. आणि तेव्हा मी काय केलं, तिथे पेन अडलं.

मी डाव्या कानाची पाळी धरली होती.

तुला ते दिसलं आणि मला ठाऊक आहे की तुला दिसलं. दुपारी आई आपल्याला पत्ते खेळायला बसवायची आणि हरले की मी भोकाड पसरायची, म्हणून ती खूण तूच काढली होतीस. मी डावी पाळी धरली की त्याचा अर्थ, आता हरवू नकोस. आईलासुद्धा कधी कळलं नाही. अकराव्या वर्षानंतर मी ती केली नव्हती. नकळत झालं असं मास्तरांना सांगितलं. तुला खरं सांगते, बोटं कानाशी गेली तेव्हा मला कळलं होतं, आणि मी ती काढली नाहीत. तू पत्ते टाकेपर्यंत धरून ठेवली.

म्हणजे भीक तू घातलीस, पण हात मी पसरला होता. याचा मला तुझ्यापेक्षा जास्त संताप आहे.

शुक्रवारी मी क्लबात जाऊन पंचांना सगळं सांगितलं. खूण, तीन राजे, जिन्यातलं वाक्य. ते आधी हसले, मग म्हणाले, “बाई, कुणालाच कळलं नव्हतं हो.” मी म्हटलं, मला कळलंय. ठरवून पत्ते टाकणं म्हणजे लबाडीच, त्यांच्या नियमात तसं स्पष्ट आहे. माझी जागा गेली. तुला आणि मला, दोघींना वर्षभर बंदी. तुझं नाव घेताना माझी जीभ जराही अडखळली नाही. तुला उद्या-परवा त्यांचं पत्र येईल. आधी माझ्याकडून कळावं एवढ्यासाठीच हे लिहिते आहे. माफी मागायला नाही, आणि द्यायलाही नाही.

पहाटेचं चालणं चालू आहे. गुरुवारही चालू आहे, पाचवी वही आणली. पहिल्या पानावर तोच डाव लिहिला आहे, पूर्ण. काल मास्तरांना नेऊन दाखवला, त्यांनी लाल पेन टेकवलं नाही.

वर्ष संपलं की मी परत छोट्या टेबलापासून सुरू करणार. कधीतरी तू पुन्हा समोर येशीलच. त्या दिवशी मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसेन. तीन राजे आले तर मला धुऊन काढ. आणि मी रडले तर रडू दे, उठून जवळ येऊ नकोस.

पुढचा शब्द अजून सुटत नाही म्हणून लिहिते,

तुझीच,
धाकटी