आईला अल्सर होता

आई, काष्टीच्या घरात चुलीपुढे बसून तू पाण्यात चिमूटभर सोडा टाकून प्यायचीस, ते मला अजून दिसतं. भाकरी अर्धी ठेवायचीस आणि मी रागावले की म्हणायचीस, "पित्त हाय गं, दुसरं काय न्हाई." नगरला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी आम्हाला पोटाचा कॅन्सर सांगितला, आम्ही तुला अल्सर सांगितला. भावकीला, शेजारणींना, पुढे माझ्या सासरीही अल्सरच. इतकी वर्षं म्हणत आले की मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

यंदा माझं पोट दुखायला लागलं. तुझीच लेक मी, चार महिने सोड्यावर काढले. शेवटी माझ्या मुलीने केडगावहून रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाही. आईला अल्सर होता." आधी गोळ्या घेऊन बघू म्हणाले. चिठ्ठी घेऊन मी जिन्यापर्यंत आले, पण पाय पुढे पडेना. परत आत गेले आणि मुलीसमोर पहिल्यांदा तुझ्या आजाराचं नाव घेतलं. डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्या हातून काढून घेतली. म्हणाले, "मग दुर्बिणीने बघायलाच हवं."

बघितलं. एवढासा डाग, पण तुकडा तपासला तर तुझाच आजार निघाला. फक्त वरच्या थरात होता. पुण्याला नेऊन तोंडातून दुर्बीण घालूनच काढला, पोट फाडावं लागलं नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागे काही राहिलं नाही. पोटातल्या जंतूंसाठी गोळ्यांचा कोर्स झाला, आता ठरल्या वेळी तपासणीला जायचं. काल मी दोन भाकरी खाल्ल्या आणि एकटीच हसत बसले. फार सुटल्यासारखं वाटतंय गं. रिपोर्ट आधी माझ्या हातात द्यायचा, असा मुलीला दमच दिला होता. तिने दिला.

तुला खरं ऐकायचंय का, हे मात्र आम्ही विचारलंच नाही. हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून तर लिहायचं धाडस होतंय. दादा, तुझा लेक, तुला खरं सांगायला निघाला होता. मीच त्याला दारात अडवलं. आईला सोसायचं नाही, म्हणाले. खरं म्हणजे तू माझ्याकडे बघितलं असतंस, ते मला सोसलं नसतं.