अल्बिनचा गळका हौद

मिनेसोटा, १२ जानेवारी १८८४

ती. हुल्डाताईस,
धाकट्या अल्बिनचा सा. न. वि. वि.

बर्फ खिडकीपर्यंत आलंय, पण माझं पिंपांचं दुकान बरं चाललंय. हल्ली लोण्याचीच पिंपं करतो. दारूवाल्यांची कामं सोडली. हसू नकोस, दारूही सोडली. इथला लोहार स्वेनिंग आपल्याच स्मोलांडचा. त्याच्या भट्टीशेजारच्या खोलीत काही घरं बायबल वाचायला जमतात. मी कॉफीच्या वासाने आत गेलो आणि देवापाशीच राहिलो.

आता अवघड गोष्ट. ही मंडळी तान्हेपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत. कळत्या वयात, आपल्या तोंडाने हो म्हणून, अख्खं पाण्यात बुडायचं. एरवी तळ्याचा बर्फ फोडतात. पण लोहाराची आई बोटिल्डाबाई खोकल्याने बेजार, म्हणून मी लाकडी हौद करतोय. फिरते पाद्री पुढच्या खेपेला आले की आमची पाळी. आईला तूच सांग गं. मला धीर होत नाही.

तुझा लोभ आहेच, आईचाही थोडा मागून घे.
तुझा
अल्बिन

स्मोलांड, १० फेब्रुवारी १८८४

चि. अल्बिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू दारू सोडलीस हे ऐकून आमचे हे खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. पुढचं ऐकताना मात्र आईचा लापशी ढवळणारा हात थांबला. लापशी करपली, अल्बिन. या घरात असं कधी झालं नव्हतं.

तुला कुणी सांगितलं नसेल. जन्मलास तेव्हा तू निळा पडला होतास. बाहेर वादळ, पाद्री तळ्यापलीकडे. आईने खाटेवरच ओंजळीत पाणी घेतलं आणि स्वतः तुझा बाप्तिस्मा केला. मग तू रडलास. आता ती म्हणते, विचार त्याला, माझं पाणी खोटं होतं का? तसं असेल तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस म्हणावं. ती धड जेवत नाही रे. तू मोठा धार्मिक झालास, पण आधी तिला उत्तर दे.

रागावले तरी लोभ तेवढाच आहे.
तुझी ताई
हुल्डा

मिनेसोटा, १० मार्च १८८४

ती. हुल्डाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा बाप्तिस्मा अजून व्हायचाच होता. पुण्य माझ्या हौदाचं! फळ्या फुगून फटी बुजाव्यात म्हणून मी तो भट्टीशेजारच्या खोलीत भरून ठेवला होता. बोटिल्डाबाईंना वाटलं, पाणी गोठेल. त्यांनी मायेने तो उपसून घेतला आणि दिवसभर भट्टी धडधडत ठेवली. फळ्या सुकून आकसल्या. रविवारी पाणी ओतलं आणि चहूकडून धारा! मंडळी ओल्या मोज्यांनी बाकांवर चढली, पण भजन काही थांबवलं नाही. पाद्री महिनाभराने येतो म्हणून गेले. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मग तुझं पत्र वाचलं आणि रडलो, ताई. पाद्री परत आल्यावर त्यांना म्हणालो, आईला खोटं ठरवून मला पाण्यात उतरायचं नाही. ते म्हणाले, जे आहे ते सगळ्यांसमोर बोल आणि मग उतर. काल तसंच केलं. म्हणालो, मला बोलता येत नव्हतं तेव्हा आईने मला देवाच्या हवाली केलं. तिचं पाणी खरं होतं. आज मी तिच्या शब्दाला माझ्या तोंडाने हो म्हणतोय. काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पडू देत. हे आईला वाचून दाखव. माझा जीव टांगणीला लागलाय.

आईसह सर्वांचा लोभ असू दे.
तुझा
अल्बिन

स्मोलांड, ७ एप्रिल १८८४

चि. अल्बिन यास,
अनेक आशीर्वाद.

आईला वाचून दाखवलं. तिने तिच्या पाण्याचा तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. खरंच सगळ्यांसमोर म्हणाला का, एवढंच विचारलं आणि एप्रनच्या टोकाने बराच वेळ डोळे पुसत बसली. पुन्हा बुडायचं तिला पटलेलं नाही आणि मरेपर्यंत पटणार नाही, हे तुला ठणकावून कळवायला सांगितलंय. कळवलं.

आमचा सर्वांचा लोभ आहे, तिचा सर्वांत जास्त.
तुझी ताई
हुल्डा

ता. क. पाकीट बंद करत होते तर आई आली. विचारतेय, एवढ्या थंडीत पाण्यातून बाहेर आल्यावर तुझं डोकं कुणी पुसलं? नीट पुसलं ना?