झुंबरचं कटर

२ फेब्रुवारी, रविवार
कळसला जाऊन झुंबरचं झाडं कापायचं जुनं कटर घेऊन आलो. झुंबर जाऊन चार महिने झाले. त्याच्या पत्नी सारजाबाई म्हणाल्या, झाडं तोडणाराच गेला, आता मशीन घरात ठिवून काय करू, तुमी न्या सर, तुमी दोस्त व्हता त्यांचं. आमच्या पत्र्यावर शिरीषाचं वाळकं झाड कललंय. त्यासाठी माणूस लावायची गरज नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय. पुढच्या रविवारी शिरीष आडवा.

३ फेब्रुवारी
टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक आहे. मशीन कलतं केलं की पेट्रोल पाझरतं. झुंबरने जन्मभर तसंच वापरलं! निष्काळजी माणूस. एम-सीलने बुजवलं. गळती बंद. पहिलं यश.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
दुसऱ्यांदा दोरी ओढली, सुरू. दोन मिनिटं चाललं, आचके दिले, बंद. पेट्रोल बघायला झाकण उघडलं, तर कोणीतरी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. टाकी भरलेली. झाकण लावलं. सुरू. दोन मिनिटं. बंद.

७ फेब्रुवारी
पेट्रोल बदललं. फिल्टर बदलला. नळी बदलली. दोन मिनिटं. झाकण उघडलं की तोच सुस्कारा. काम संपवून टेकताना झुंबर अगदी असाच सुस्कारा टाकायचा. योगायोग.

९ फेब्रुवारी, रविवार
शिरीष उभा.

१० फेब्रुवारी
बारामतीत विकीच्या गॅरेजला गेलो. माझाच विद्यार्थी, दोनदा नापास. त्याने झाकण उघडून बघितलं, कार्बोरेटर धुतला, मिनिटभर चालवलं आणि म्हणाला, कायबी दोष न्हाय सर, मशीन राजा हाय. घरी आलो. दोन मिनिटं. त्याला नापास केलं ते योग्यच होतं.

१२ फेब्रुवारी
मी भूत मानत नाही. अंगात येण्याविरुद्ध गावात भाषणं मीच देतो. पण मशीन बंद पडल्यावर जी शांतता होते ना, तेव्हा पाठीमागे कोणीतरी उभं असतं. हँडलला झुंबरने गुंडाळलेली लुगड्याची चिंधी आहे, तिला अजून त्याच्या तंबाखूचा वास येतो. मला भीती वाटते. लिहून ठेवतोय. खोडणार नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
नारळ फोडणार नाही, आमच्या तत्त्वात बसत नाही. मशीनशेजारी मेणबत्ती लावली. फक्त उजेडासाठी. बायको, शालन, म्हणाली, पेट्रोलजवळ मेणबत्ती? झुंबरभाऊंच्या सोबतीला जायचं हाय का? विझवली.

१५ फेब्रुवारी
बंद पडलं. झाकण उघडलं. सुस्कारा. मग बोललोच. म्हणालो, झुंबर, माफ कर. तू तीन आठवडे बारामतीच्या दवाखान्यात होतास. पहिल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी माझा गुडघा. झाकण लावलं, दोरी ओढली. एका झटक्यात सुरू! म्हणजे ऐकतो. दोन मिनिटांनी बंद. म्हणजे एवढ्याने भागत नाही.

१८ फेब्रुवारी
तिसऱ्या रविवारचं सांगितलं. दवाखान्याच्या गेटपर्यंत आलो होतो रे. तुला नळ्या लावलेल्या बघवणार नव्हत्या, म्हणून रिक्षा परत फिरवली. हे शालनलाही माहीत नाही. सुरू झालं. रडत रडत अर्धी फांदी कापली. बंद.

२१ फेब्रुवारी
रोज बोलतो. शाळेतलं, पोहायला जायचो तिथलं. त्याचा राग उतरतोय. आज जवळजवळ अडीच मिनिटं चाललं.

२३ फेब्रुवारी, रविवार
सारजाबाई आल्या. कटर बंद पडतं एवढंच सांगितलं. त्यांनी झाकण हातात घेतलं, शालनकडून दाभण मागून एम-सीलवर ठोका दिला. भोक मोकळं. म्हणाल्या, ह्ये कुणी बुजवलं? तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याबिगर तेल उतरतं व्हय? हवा आत नको जायला? आमच्या रणजितला तुमीच शिकीवलं की सर.
आठवी, हवेचा दाब. दरवर्षी डबा घेऊन वर्गात जायचो.
कटर टाकी संपेपर्यंत चाललं. शिरीष आडवा.
निघताना विचारलं, झुंबर माझ्यावर रागावला होता का? म्हणाल्या, रागवायला ताकद कुठं हुती? मास्तर आला का, मास्तर आला का, रोज इचारायचं. शेवटचं चार दिस न्हाय इचारलं.

२४ फेब्रुवारी
झाड उरलं नाही, तरी कटर चालवलं. तिसऱ्या रविवारचं पुन्हा सांगितलं. ते चालूच. शेवटी बटण मीच बंद केलं. झाकण उघडलं. सुस्कारा नाही.
संध्याकाळी दुकानातून एम-सीलची नवी पुडी आणली. शालनने विचारलं, कशाला? नळ गळतोय, म्हणालो.